मावशीचं नाक आणि गाजरगवत

गणपती उठले की सांगलीजवळच्या हरिपूरच्या माझ्या मावशीच्या शिंका सुरू होतात. उठल्याउठल्या लागोपाठ दहा-बारा, मग डोळ्यांना खाज, मग दिवसभर पदर नाकाला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर तेव्हा गाजरगवत कमरेला लागत असतं आणि त्यावर पांढरी बारीक फुलं आलेली असतात. "सर्दी बाधलीय गं, हळद-दूध घेते की," असं ती दरवर्षी म्हणते. पण सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. हिची दिवाळी आली तरी हलत नाही. अंगात ताप नसतो, नाकातून येतं ते स्वच्छ पातळ पाणी. ही सर्दी नव्हे, ॲलर्जी.

परागकण तसा निरुपद्रवी. पण काहींच्या शरीराची संरक्षणयंत्रणा त्यालाच शत्रू ठरवते आणि त्याच्यासाठी आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. ही प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर चिकटून वाट बघत बसतात. पुढच्या मोसमात तोच पराग आला की पेशी फुटल्यासारखी हिस्टामिन नावाचं रसायन ओतते. शिंका, खाज, पाणी ही सगळी त्याची करणी. त्यामुळे कुठलाही घरगुती उपाय ऐकला की मी एकच प्रश्न विचारते : हा या साखळीत नेमका कुठे हात घालतो?

सांगलीत पहिला मान हळदीचा. एकेकाळी हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवणाऱ्या गावाला हळदीबद्दल वाईट कसं बोलवेल? मलाही बोलायचं नाही. हळदीतलं करक्युमिन दाह कमी करतं, आणि ॲलर्जीच्या 241 रुग्णांवरच्या एका चाचणीत दोन महिने ते घेणाऱ्यांच्या शिंका नि नाकाचं चोंदणं कमी झालं. पण ती मात्रा बघा : रोज 500 मिलिग्रॅम. हळदीत करक्युमिन असतं 2 ते 5 टक्के. पेलाभर दुधात अर्धा चमचा, म्हणजे दीडेक ग्रॅम हळद घातली, तर पोटात जातं पन्नासेक मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं पोचतं. मिऱ्याबरोबर ते जास्त शोषलं जातं हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं. मग कॅप्सूल घ्याव्यात का? मिरी-अर्क घातलेल्या जोरकस गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हळद-दूध मात्र खुशाल घ्या. घशाला बरं वाटतं. तेवढंच त्याचं काम.

मधाची गोष्ट जास्त मजेची आहे. आपल्याच शिवारातला मध खाल्ला की त्यातल्या परागाची शरीराला सवय होते, असं सांगतात. कल्पना सुंदर आहे. पण मधमाशी गोळा करते तो रंगीत फुलांचा जड, चिकट पराग. नाकाला छळतो तो बहुतेक वाऱ्यावर तरंगणारा हलका पराग : गवतांचा, वावळ्याचा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट इथे 2002 साली स्थानिक मध, साधा मध आणि मधाच्या चवीचा पाक अशी तुलना झाली, तेव्हा तिन्हींत फरक दिसला नाही. मलेशियातल्या एका चाचणीत ॲलर्जीच्या गोळीच्या जोडीला मध देऊन थोडा गुण आला, पण तिथे वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम मध होता. साठ किलोच्या बाईला रोज साठ ग्रॅम! मावशीला साखरेचा त्रास आहे, तिला हे कसं परवडणार?

मला सगळ्यात खरी वाटते ती जलनेती, कारण ती साखळीच्या सुरुवातीलाच हात घालते. पराग अस्तराला चिकटून राहण्याआधीच तो धुऊन काढायचा. कृती साधी आहे. पाव लिटर पाणी मिनिटभर खळखळून उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. त्यात अर्ध्या चमच्याहून जरा कमी मीठ. मान तिरकी करून एका नाकपुडीत नेतीच्या भांड्याची तोटी लावायची, तोंडाने श्वास घ्यायचा, पाणी दुसऱ्या नाकपुडीतून आपोआप बाहेर येतं. नुसत्या पाण्याने नाक झोंबतं, मीठ योग्य प्रमाणात असलं की सहसा नाही. आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी न उकळता कधीच वापरू नका. त्यातून क्वचित नेग्लेरिया हा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. 2011 मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसं अशीच दगावली. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर नेती नको.

वाफेने घटकाभर मोकळं वाटतं, पण लहान मुलांजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं नको, भाजण्याचे प्रकार फार होतात. मेडिकलमधले नाक मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांवर नेऊ नयेत, नाक पुढे त्यांच्यावाचून उघडेनासं होतं.

डॉक्टर देतात तो नाकातला स्टेरॉइडचा फवारा या सगळ्यांत जास्त गुणकारी. नाव ऐकूनच माणसं बिचकतात, पण त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. पूर्ण गुण यायला त्याला काही दिवस लागतात, म्हणून मोसमाच्या आधीच सुरू करावा. आधी नेती, पाचदहा मिनिटांनी फवारा : धुतलेल्या अस्तरावर औषध नीट बसतं. छातीत घरघर किंवा धाप असेल तर मात्र नाकावर वेळ घालवू नका, तडक डॉक्टरांकडे जा.

मधवाल्या कल्पनेचं खरं रूपही डॉक्टरांकडेच आहे. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये गवताच्या परागाचा अर्क अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत टोचायला सुरुवात केली. आज ही इम्युनोथेरपी साधारण तीन वर्षं चालते. पराग नेमका, मात्रा मोजलेली, आणि शरीर हळूहळू भांडणं सोडतं.

गाजरगवत आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. आता एकेक झाड हजारो बिया टाकतं. त्यामुळे प्लॉटवरचं गवत काढायचं ते फुलं यायच्या आत, श्रावणातच, हातमोजे घालून, कारण त्याने कातडीलाही खाज सुटते. यंदा ते काम मावशीच्या मुलाने केलं. ती स्वतः तिकडे गेली नाही. मोसमात धुतलेली लुगडी ती आता गच्चीऐवजी घरातल्या दांडीवर टाकते, आणि तिच्या न्हाणीघराच्या फळीवर नेतीचं भांडं आणि फवाऱ्याची बाटली शेजारी शेजारी उभी आहेत.