गॅडोलिनियमची पूड आणि गॅडोलिनियमचे नॅनोकण

फ्रीजमध्ये गार केलेला गॅडोलिनियमचा छोटासा तुकडा साध्या चुंबकाला लोखंडासारखा लटकतो. तोच गरम पाण्यात बुडवला की गळून पडतो. या धातूचं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर लोखंडासारखं चुंबकत्व मोडतं ते तापमान, सुमारे २० अंश सेल्सिअस. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीत लोहचुंबकीय आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात फक्त समचुंबकीय (चुंबक जवळ असेपर्यंतच किंचित ओढला जाणारा), असा हा गडी आहे.

त्याची ४० मायक्रॉनची पूड केली तरी वागणं फारसं बदलत नाही. पूड आपल्याला मैद्यासारखी वाटते, पण अणूंच्या हिशेबात तिचा एकेक कण डोंगराएवढा. आत ढीगभर डोमेन, म्हणजे एकेका दिशेने चुंबकलेले छोटे भाग, आणि पृष्ठभागावर वीस हजारांतला एखादाच अणू.

१० नॅनोमीटरच्या कणात मात्र सगळे मिळून अणू सोळा हजारांच्या आसपास, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा पृष्ठभागावर. डोमेनच्या भिंती उभ्या करायला आत जागाच नाही, म्हणून अख्खा कण हेच एक डोमेन. कणाची चुंबकीय दिशा धरून ठेवणारी ऊर्जा आकारमानाबरोबर घटते. ती इतकी घटते की उष्णतेचे धक्के ती दिशा सारखी उलटवत राहतात. हे झालं सुपरपॅरामॅग्नेटिझम.

घोळ होतो तो इथेच. उन्हात तापलेली पूड आणि हे नॅनोकण, दोन्हींत बाहेरचं चुंबकीय क्षेत्र काढलं की चुंबकत्व शून्य. म्हणून दोन्हींना एकच समजतात. पण तापलेल्या पुडीत प्रत्येक अणू आपल्याच नादात असतो. नॅनोकण म्हणजे सोळा हजारांचं लेझीम पथक: पाऊल सगळ्यांचं एकच, फक्त पथक क्षणोक्षणी दिशा बदलतं. त्यामुळे जेमतेम क्षेत्र लावलं तरी ते झटकन वळतं. अट एवढीच की तापमान क्युरीच्या खाली हवं. ३० अंशांना नॅनोकणांचंही पथक मोडतं. उलट फार गार केलं तर पथक जागीच थिजतं आणि हिस्टेरिसिस, म्हणजे क्षेत्र काढल्यावरही मागे उरणारं चुंबकत्व, दिसू लागतो.

बारीक केल्याने चुंबक कमजोरच होतो, असंही नाही बरं. निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकांसाठी मिश्रधातू मुद्दाम ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत दळतात, कारण बारीक कणांचं चुंबकत्व सहजी उलटत नाही. त्याहून बारीक दळलं की ऑक्सिजन आड येतो.

गॅडोलिनियमच्या नॅनोकणांनाही तोच शाप आहे. गॅडोलिनियम ज्यांतला, त्या रेअर अर्थ धातूंची बारीक पूड हवेत पेटू शकते, म्हणून ती आर्गॉनमध्ये हाताळतात. पेटली नाही तरी गंजते, आणि गॅडोलिनियम ऑक्साइड क्युरी-बिरीचं काही न मानता नेहमीच्या तापमानाला निव्वळ समचुंबकीय असतं. तेव्हा मोजमापात क्षेत्र आणि चुंबकत्व यांच्या आलेखाची सरळ रेषा आली तर आधी कुपीचं बूच तपासावं, सिद्धांत नंतर.