अँटिबॉडीच्या देठावरची साखर

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर व दहिसर भागांतल्या तीन वॉर्डांत सेरो सर्वेक्षण, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची पाहणी केली. झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के नमुन्यांत कोरोनाच्या अँटिबॉडी सापडल्या, बाकी वस्तीत १६ टक्के. तेव्हापासून मुंबईकराच्या तोंडी एकच प्रश्न बसला: अँटिबॉडी आहेत का, आणि किती? त्या कशा आहेत, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता म्हणा. नेहमीच्या लॅबच्या रिपोर्टात ते येतच नाही.

आपल्या रक्तातली मुख्य अँटिबॉडी म्हणजे आयजीजी. इंग्रजी 'वाय'सारखा आकार, दोन हात विषाणू धरायला आणि खाली देठ. या देठात २९७ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर साखरेच्या रेणूंची छोटी साखळी लटकलेली असते. बरीच वर्षं तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने दाखवलं की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांत या साखळीतला गॅलॅक्टोज (एक साखर) कमी असतो.

खरी कलाटणी २००२-०३ची, आणि तीही औषध कंपन्यांकडून आली. साखळीच्या बुडाशी असलेली फ्युकोज ही साखर काढून टाकली, तर मारक पेशींवरच्या सीडी१६ या ग्राहीला (अँटिबॉडीचा देठ पकडणाऱ्या प्रथिनाला) अँटिबॉडी कित्येक पटींनी घट्ट चिकटते आणि त्या पेशी चवताळून उठतात. कॅन्सरच्या औषधांना हेच हवं होतं. निरोगी माणसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक आयजीजीवर फ्युकोज असतो. हा शरीराने स्वतःच लावलेला ब्रेक.

तो सुटला की काय होतं, ते आधी डेंग्यूत दिसलं. २०१७ मध्ये असं आढळलं की ज्यांच्या आयजीजीत फ्युकोज कमी, त्यांचे प्लेटलेट जास्त घसरतात. दर पावसाळ्यात प्लेटलेटच्या आकड्यांवर डोळा ठेवून बसणाऱ्या या शहराला ही बातमी परकी वाटू नये.

मग कोरोना. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांना गरोदर आईच्या, बाळाच्या प्लेटलेटवर उठणाऱ्या अँटिबॉडीत फ्युकोजची ही तूट आधीच दिसली होती. त्यांनी कोविडचे नमुने तपासले. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीत फ्युकोज कमी, आणि गंभीर रुग्णांत तर आणखी कमी. विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीत मात्र ही तूट फारशी नव्हती. लागण झाल्यावर स्पाइक आपल्याच पेशीच्या पडद्यावर उगवतो, म्हणून शरीर असं वागत असावं, हा त्यांचा तर्क मला पटतो.

पण ही आजाराची खूण की कारण? २०२२च्या एका अभ्यासात, पुढे ज्यांचा आजार बळावला त्यांच्यात सुरुवातीलाच अशा कमी फ्युकोजच्या अँटिबॉडी जास्त होत्या. उंदरांच्या फुप्फुसांत त्यांनी दाहही पेटवला. पारडं कारणाकडे झुकतं. फोस्टामॅटिनिब या गोळीने प्रयोगशाळेत या अँटिबॉडींमुळे चवताळलेल्या फुप्फुसातल्या भक्षक पेशी शांत केल्या होत्या. कोविड रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत मात्र तिला ठरलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही.