पडताळणी सूची, विमानोड्डाणातील

विमान उड्डाणाच्या एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेण्यापूर्वी त्याची यंत्रणा त्या टप्प्यास योग्य अशी लावलेली आहे की नाही, हे ठरलेल्या क्रमाने पाहण्याची वैमानिकांची पद्धत. या सूचीस व्यवहारात चेकलिस्ट म्हणतात.

तिचा उगम सामान्यतः ३० ऑक्टोबर १९३५ रोजीच्या अपघाताशी जोडतात. अमेरिकेतील डेटनजवळच्या राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे चार एंजिनांचे बाँबफेकी विमान (बी-१७ चे आद्यरूप) चाचणीसाठी वर उठताच कोसळले आणि मेजर प्लॉयर हिल व कंपनीचे चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर मृत्यू पावले. उभ्या विमानाचे सुकाणू व उत्थापक (शेपटीवरील हलते नियंत्रक भाग) वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ उड्डाणापूर्वी काढलेली नव्हती. त्यानंतर लष्करी वैमानिकांनी टप्पेवार लेखी सूची तयार केली. तथापि, यापूर्वी लेखी सूची मुळीच नव्हत्या असे मानणे धाडसाचे ठरेल; त्यामुळे १९३५ हे वर्ष पद्धतीच्या जन्माचे नसून तिला शिस्तबद्ध रूप मिळाल्याचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सूची वापरण्याच्या दोन रीती आहेत. एकीत बाब वाचून त्याच वेळी कृती करतात. दुसरीत वैमानिक कॉकपिटमधील फलकांवरून ठराविक दिशेने हात फिरवीत सर्व मांडणी आधी स्मरणाने पूर्ण करतो आणि नंतर मोजक्या महत्त्वाच्या बाबी एकाने वाचून दुसऱ्याने प्रत्यक्ष पाहून उत्तर देत पडताळल्या जातात. विमान कंपन्यांत दुसरी रीत विशेष रूढ आहे. तिच्यात या महत्त्वाच्या बाबी दोनदा पाहिल्या जातात. मात्र सवयीने डोळ्यांआधी तोंड उत्तर देऊ लागते. असफ देगानी व अर्ल वीनर यांनी नासासाठी केलेल्या अभ्यासात (१९९०) या दोषाची तसेच मध्येच येणाऱ्या व्यत्ययांची चिकित्सा आहे. डेट्रॉइट येथे १६ ऑगस्ट १९८७ रोजी नॉर्थवेस्ट या विमान कंपनीचे एमडी-८२ विमान फ्लॅप व स्लॅट (उचल वाढवणारे पंखांचे हलते भाग) न उघडताच उड्डाणास निघाले. टॅक्सी करतानाची (जमिनीवरून धावपट्टीकडे जातानाची) सूची वाचली गेली नव्हती आणि इशारा देणाऱ्या यंत्रणेस वीजपुरवठा नव्हता. त्यात १५६ जण दगावले. माद्रिद येथे २००८ मध्ये त्याच प्रकारच्या विमानाबाबत बरेचसे असेच घडले.

लहान विमानांत इंधन, चाके, इंधन-हवा मिश्रण, प्रोपेलर अशा बाबींच्या आद्याक्षरांची स्मरणसूत्रे चालतात. बोइंग ७७७ सारख्या विमानांतील इलेक्ट्रॉनिक सूची संवेदकांना कळणाऱ्या बाबी आपोआप पूर्ण झाल्याचे दाखवते. उरलेल्यांवर वैमानिकालाच खूण करावी लागते.