डेव्हिड स्टोरी (रग्बी लीग खेळाडू)

डेव्हिड स्टोरी (१३ जुलै १९३३ – मार्च २०१७) हे इंग्रज कादंबरीकार व नाटककार. १९५०च्या दशकात ते लीड्स क्लबकडून व्यावसायिक रग्बी लीग खेळले. कारकीर्द थोड्याच वर्षांची, तीही ‘अ’ संघातली. या नावाने फसू नये. ‘अ’ संघ म्हणजे मुख्य संघाच्या खालची, राखीव खेळाडूंची फळी.

रग्बी लीग हा रग्बीचा एक प्रकार, उत्तर इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांचा खेळ. सामन्यासाठी पाळी बुडवणाऱ्या खाणकामगाराला मजुरीची भरपाई द्यावी की नाही, या वादातून १८९५ मध्ये उत्तरेकडच्या क्लबांनी हडर्सफील्ड येथे मूळ रग्बी संघटनेपासून वेगळी चूल मांडली. पुढे १९०६ मध्ये दर संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू ठेवण्याचा नियम झाला.

स्टोरी वेकफील्डच्या एका खाणकामगाराचे पुत्र. मुलांनी खाणीत उतरू नये म्हणून वडिलांनी जन्मभर कोळसा खणला. मुलगा मात्र चित्रकलेकडे वळला आणि लंडनच्या स्लेड कलाविद्यालयात दाखल झाला. शिक्षणाचा खर्च रग्बीच्या पैशातून निघे. आठवडाभर लंडनमध्ये रंग-कुंचले, शनिवारी उत्तरेत चिखल आणि धडका. खाणीत राबणाऱ्या सहकाऱ्यांना हा चित्रकार परका वाटे, कलाविद्यालयात तो धसमुसळा खेळाडू ठरे. दोन्हीकडे उपराच. या ओढाताणीतच, आगगाडीच्या लांबलचक प्रवासात, ते लिहू लागले.

मैदानावर त्यांच्या नावे मोठा विक्रम नाही. तरीही ही कारकीर्द नोंदवण्याजोगी आहे, कारण या खेळातली कमाई, मार खाणारी शरीरे आणि क्लबच्या मालकांची मर्जी इतक्या जवळून पाहून लिहिणारा दुसरा लेखक सहसा सापडत नाही. ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ (१९६०) या पहिल्याच कादंबरीचा नायक आर्थर माचिन हा रग्बी लीग खेळाडू आहे. लिंडसे अँडरसन यांनी तिच्यावर १९६३ मध्ये चित्रपट काढला. पटकथा स्टोरींचीच होती, नायकाची भूमिका रिचर्ड हॅरिस यांनी केली आणि मैदानावरची बरीच दृश्ये स्टोरींच्याच गावी, वेकफील्ड ट्रिनिटी क्लबच्या मैदानात चित्रित झाली. १९७६ मध्ये ‘सॅव्हिल’ या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले.

खेळाची सर्वांत नेमकी नोंद मात्र ‘द चेंजिंग रूम’ (१९७१) या नाटकात आहे. सामन्याआधी, मध्यंतरात आणि सामन्यानंतर खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली, एवढेच तीन अंक. कोणी बूट बांधतो, कोणी जखमेवर पट्टी घेतो, नंतर सगळे अंघोळ करतात. सामना रंगमंचावर कधीच दिसत नाही.