एलायझा (संवादी संगणकप्रणाली)

टंकलेल्या वाक्याला वाक्यानेच उत्तर देणाऱ्या पहिल्या काही संगणकप्रणालींपैकी एक. जोसेफ वायझेनबाउम (१९२३–२००८) यांनी ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६४ ते १९६६ या काळात रचली. नाव बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकातल्या फुलवालीचे, कारण शिकवावे तसे या प्रणालीचेही बोलणे सुधारत जाई. हीच फुलवाली ‘ती फुलराणी’त मंजुळा झाली. ते नाटक मराठीत आणणारे पु. ल. देशपांडे एके काळी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते.

एलायझाला अर्थ कळत नसे. ओळखीचा शब्द दिसला की ती वाक्याचे तुकडे करी, ‘माय’च्या जागी ‘युवर’ घाली आणि प्रश्न करून परत देई. काहीच सापडले नाही तर ‘पुढे सांगा’ अशा अर्थाचे ठेवणीतले वाक्य. ‘डॉक्टर’ या संहितेत ती मानसोपचारतज्ज्ञासारखी बोले. ती कशी घडली हे जवळून पाहिलेल्या वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनेही तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. याने ते हादरले आणि पुढे यंत्रावरच्या आंधळ्या विश्वासाचे कडवे टीकाकार झाले. त्यांची ही अस्वस्थता त्यांच्या शोधाइतकीच मोलाची आहे.

सीमाभागातील मराठी : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बोलीत सर्वनामांची ही अदलाबदल पुरत नाही. ‘मी’, ‘तू’ क्रियापदाच्या शेपटातच असतात. मी जायलोय, तू जायलास. शिवाय कोल्हापूर-बेळगावकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. एखादी आजी म्हणते, ‘दवाखान्याला जायलोय.’ पुस्तकी मराठीवर पोसलेली प्रणाली तिला पुरुष समजून विचारील, ‘तू का जात आहेस, दादा?’ शेजारचा पोरगा मात्र सहज म्हणतो, ‘आज्जी, कशाला जायलाय?’ नाते, वय आणि मान या तीन शब्दांत आले.

आजच्या भाषा-प्रारूपांना (लँग्वेज मॉडेल) नियम हाताने लिहून द्यावे लागत नाहीत, ती मजकुरातून शिकतात. पण ही बोली लिहिली जाते फार थोडी. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतराच्या उपक्रमात (२०२२) मराठी आहे, कन्नडही आहे. सीमाभागात मात्र दोन्ही एकाच कामात लागतात. जमिनीचा कागद शेतकऱ्याच्या तोंडी ‘उतारा’ असतो आणि सरकारी कन्नडमध्ये ‘पहणी’.