उलट्या टांगलेल्या काडीला खाली-वर कसं कळतं?

माझ्या मामांचं वावर नागपूर जिल्ह्यात, भिवापूरकडे आहे. मागच्या वर्षी मार्चमध्ये गेले होते, तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. पुढे ढकललेला संदेश होता: पॉपलर आणि विलोच्या काड्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) खोचा, तीन वर्षांत जंगल, सात वर्षांत लाखोंचं लाकूड. सोबत गव्हाच्या हिरव्या शेतात ओळीने उभी असलेली सरळसोट झाडं.

"काड्या खोचल्या की झालं म्हन्ते. खरं आहे का वं?"

मामांना लाखोंशी घेणं नव्हतं, त्यांना तितर हवे होते. धुरे ट्रॅक्टरने साफ झाले, उरलेलं तणनाशकाने गेलं आणि पहाटे ओरडणारे तितर दिसेनासे झाले, ही त्यांची जुनी खंत. धुऱ्यावर पुन्हा झाडोरा उभा राहिला तर तितर, ससे, मुंगूस परत येतील, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे. संदेशातली झाडं मात्र त्या कामाची नव्हती.

काडी खोचली की पॉपलर आणि विलो रुजतात, एवढं खरं आहे. पंजाब-हरियाणात जानेवारी-फेब्रुवारीत, झाड निष्पर्ण असताना, वीतभर लांबीचे पॉपलरचे तुकडे रोपवाटिकेत लावतात आणि पुढच्या हिवाळ्यात ती रोपं शेतात जातात. यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांना त्यातूनच लाकूड मिळतं. विलो म्हणजे ज्याच्या काश्मिरी भावंडापासून बॅट बनते ते झाड. पण पॉपलरला झोपायला खरा हिवाळा लागतो. भारतात त्याची शेती साधारण २८ अंश अक्षांशाच्या उत्तरेला होते आणि नागपूर २१ अंशांवर आहे. डिसेंबरातल्या चार थंड रात्री त्याला पुरत नाहीत. मेमधला आपला ४५ अंशांचा पारा आणि भेगाळलेली काळी माती तर त्याला अजिबात झेपत नाही. समजा जगलंच, तरी खालच्या फांद्या छाटून सरळ वाढवलेल्या त्या खोडाखाली तितराने लपायचं कुठे? तितर दिवसभर जमिनीवर धावतो, जमिनीवरच घरटं करतो आणि रात्री बुटक्या काटेरी झाडाझुडपांत मुक्काम करतो. त्याला बुंध्यापासून दाट असलेला आडोसा हवा.

तरीही मी त्या संदेशात अडकले ते 'काड्या खोचा' या दोन शब्दांपाशी. तोडलेल्या लाकडाच्या तुकड्यातून मूळ निघतं, ही गोष्ट आपण इतक्या वेळा पाहिलेली असते की तिचं नवल वाटेनासं होतं. विदर्भात बेशरमची काडी कोणी पाहिली नाही? कुंपणाला पराट्यांसोबत, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांसोबत, खोचलेली काडी पावसाळ्यात पानं फोडते, म्हणून तर तिला हे नाव पडलं. मी एक काडी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या ग्लासात ठेवली होती. काही दिवसांत पाण्याखालच्या पेरापाशी सालीवर मोहरीएवढे पांढरट फोड आले. मग साल उभी चिरली आणि त्यातून दुधाच्या दातासारखं मुळाचं टोक बाहेर आलं. मुळाची ही जागा कोणी ठरवली?

विलोचं उत्तर ऐकायला सोपं आहे. त्याच्या फांदीत, पेरांपाशी, मुळांचे गर्भ आधीच तयार होऊन सालीखाली झोपलेले असतात. विलो ओढ्याकाठचं झाड. पुरात फांद्या मोडतात, वाहत जातात, खाली कुठेतरी गाळात रुततात. जी फांदी मुळं घेऊन तयार असेल तीच तिथे जगते. क्रॅक विलो नावाच्या युरोपीय जातीच्या फांद्या तर इतक्या ठिसूळ असतात की सहज कडकन मोडतात. मोडून पसरणं हीच तिची रीत.

पण गर्भ सगळीकडे असूनही मुळं सगळीकडून सारखी येत नाहीत. हेरमान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने विलोच्या फांदीचे तुकडे दमट हवेत टांगले, काही सुलटे आणि काही उलटे. त्याची निरीक्षणं १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. सुलट्या तुकड्यांना खालच्या टोकाशी मुळं फुटली, यात आश्चर्य नाही. उलट्या तुकड्यांना मात्र मुळं आली ती वरच्या टोकाला! झाडावर असताना जो भाग बुंध्याकडे होता, तिथेच. कोंब आले ते आता खाली लोंबणाऱ्या, मूळच्या शेंड्याकडच्या टोकाला. म्हणजे काडीला वर-खाली कळतं ते गुरुत्वाकर्षणावरून नव्हे, निदान फक्त त्यावरून नव्हे. बुंधा कुठे आणि शेंडा कुठे हे तिच्या अंगातच लिहिलेलं असतं. ते नेमकं कुठे लिहिलेलं आहे हे कळायला पुढची शंभराहून जास्त वर्षं गेली.

पहिला धागा ऑक्सिनचा. कोवळ्या पानांत आणि कळ्यांत तयार होणारं हे संप्रेरक फ्रिट्स वेंट यांनी १९२८ मध्ये ओटच्या अंकुरांवर दाखवून दिलं आणि १९३० च्या दशकात कळलं की छाटाला मुळं फोडणारा पदार्थही तोच. ऑक्सिन शेंड्याकडून बुंध्याकडे जातं, ताशी साधारण एक सेंटिमीटर वेगाने, पेशीतून पेशीत. उलट दिशेने जवळजवळ जातच नाही. विहिरीतल्या मोटरपंपाच्या पाइपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. खोडाच्या प्रत्येक पेशीत तसलाच काहीतरी बंदोबस्त असला पाहिजे.

तो समजून घ्यायला मातीपरीक्षणाच्या कार्डावरचा सामू आठवा. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी. वनस्पतीच्या दोन पेशींमधल्या भिंतीत सामू साडेपाचच्या आसपास असतो, पेशीच्या आत सातच्या आसपास. ऑक्सिन हे सौम्य आम्ल आहे. आंबट भिंतीत त्याच्या शंभरातल्या पंधराएक रेणूंनी आपला हायड्रोजन धरून ठेवलेला असतो, त्यामुळे त्यांच्यावर विद्युतभार नसतो. असा रेणू पेशीच्या तेलकट पटलातून सरळ आत शिरतो. आत शिरताच परिस्थिती बदलते. सामू सात असल्यामुळे रेणू हायड्रोजन सोडतो आणि ऋणभारित होतो. शंभरात एखादाही भाराविना उरत नाही. आणि भार असलेल्या रेणूला ते तेलकट पटल ओलांडता येत नाही. आत येणं सोपं, बाहेर जाणं अशक्य. बाहेर पडायला त्याला प्रथिनाचं खास दार लागतं. आता ही दारं पेशीच्या चारही बाजूंना असती तर ऑक्सिन सगळीकडे सांडलं असतं. ती फक्त तळाला, बुंध्याकडच्या बाजूला असतील, तर प्रत्येक पेशी ऑक्सिन वरून घेईल आणि खाली सोडेल. शेकडो पेशी एकाखाली एक रचल्या की झाला एकेरी प्रवाह.

ही कल्पना रुबरी आणि शेल्ड्रेक यांनी १९७४ मध्ये आणि रेव्हन यांनी १९७५ मध्ये मांडली, ती दार कोणी पाहिलेलं नसताना, निव्वळ सामूच्या हिशोबावरून. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपाचा, अरॅबिडॉप्सिसचा, एक बिघडलेला वाण होता. त्याच्या दांड्याला फुलंच यायची नाहीत, दांडा टाचणीसारखा बोडका. त्या टाचणीवरून त्याच्या बिघडलेल्या जनुकाला 'पिन' नाव पडलं. १९९८ मध्ये दिसलं की या जनुकाचं प्रथिन ऑक्सिन वाहणाऱ्या पेशींच्या तळाशीच जमलेलं असतं. हेच ते दार. हिशोबाने जिथे असायला हवं होतं, तिथेच सापडलं. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

हेच शेल्ड्रेक पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत आपल्या तुरीवर काम करत होते. नंतर त्यांनी 'मॉर्फिक रेझोनन्स' नावाची कल्पना मांडली, की निसर्गाला एक सामुदायिक स्मृती असते. तिला पुरावा मिळाला नाही आणि विज्ञानजगताने ती स्वीकारली नाही. १९७४ चं काम मात्र पक्कं राहिलं, कारण ते तपासता आलं. माणूस कोण आहे हे न पाहता प्रत्येक दावा वेगळा तपासायचा असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता विळा मारा. वरून ऑक्सिन येतच राहतं आणि खाली पुढची पेशीच नाही. पाटाचं पाणी बांधाशी तुंबावं तसं ते कापलेल्या टोकाशी साचतं. त्याच वेळी मुळांकडून वर येणारं सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक बंद झालेलं असतं. ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी, असं प्रमाण झालं की ऊती मुळाकडे झुकते, उलट झालं की कोंबाकडे. हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं. सालीच्या आतला जो ओलसर हिरवट थर संत्र्याचा डोळा बांधताना जंबेरीच्या खुंटाशी जुळवतात, त्या थराजवळच्या काही पेशी आपलं आधीचं काम सोडून मुळाच्या पेशी होतात. आणि फांदी उलटी टांगली म्हणून पेशीतली बुंध्याकडची दारं शेंड्याकडच्या बाजूला सरकत नाहीत. फ्योख्टिंगच्या विलोला बुंध्याची आठवण होती ती या दारांच्या रूपाने.

वाळक्या दांड्याला पानं फुटली की गावात शेंदूर लागतो, नारळ फुटतात. नर्मदेकाठच्या कबीरवडाची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे, कबीरांनी टाकलेल्या दातूनचा वड झाला म्हणून. आख्यायिका म्हणून ती मलाही आवडते. पण वडाची ताजी फांदी ओल्या मातीत रुजायला कोणाचं पुण्य लागत नाही, तिच्या पेशी जिवंत असाव्या लागतात. नव्या काळातला शेंदूर म्हणजे मध, दालचिनी आणि बटाट्यात खोचलेली गुलाबाची काडी दाखवणारे व्हिडिओ. मधाने फार तर बुरशी थोपते, बटाटा काही दिवस ओल देतो आणि मग सडतो. मुळं फुटण्याची जी पावडर मिळते तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं, ऑक्सिनचाच भाऊबंद. तेही चिमूटभरच लावायचं. जास्त झालं तर मुळं उलट अडतात.

मामांना मी पॉपलरऐवजी इथलीच नावं दिली. आपला स्वतःचा विलो आहे, वाळुंज. पण त्याला ओढ्याकाठची ओल लागते, कोरड्या धुऱ्यावर तो नको. धुऱ्यासाठी निर्गुडी: पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या, बुंध्यापासून फुटवे, उग्र वासामुळे गुरं तोंड लावत नाहीत, निळसर फुलांवर मधमाश्या येतात. पांगारा: मनगटाएवढे दांडे, अंगावर काटे, उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल फुलं आणि त्यातल्या मधासाठी साळुंक्या-कोतवाल. मोई आणि सालई, ज्यांचे कुंपणाला ठोकलेले खांबही फुटतात. बेशरम आणि घाणेरी नाही. रुजायला त्यांच्याइतकं सोपं काही नाही, पण घाणेरी सगळं दाबून टाकते आणि बेशरम खाल्लेल्या शेळ्या आजारी पडतात. एकाच झाडाच्या काड्याही नाहीत, कारण त्या सगळ्या एकच झाड असतात. एकाला रोग लागला की ओळच जाते. काटेरी बोर-बाभळीसाठी बीच टाकायचं.

दांडे जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर पुरले. वरचं टोक सपाट, खालचं तिरकं कापलं, म्हणजे घाईत उलटं पुरलं जात नाही. पानं काढून टाकली, कारण मुळं नसताना पान म्हणजे नुसता पाण्याचा खर्च. तरी जुलैच्या झडीत बरेच सडले. काळ्या मातीत पाणी साचलं की हवा संपते आणि नव्या मुळाला श्वास लागतोच. उताराच्या बाजूचे टिकले.

यंदाच्या पावसाळ्यात मी पुन्हा गेले. तितर नव्हता. मामा मला एका पांगाऱ्याच्या दांड्यापाशी घेऊन गेले. डोक्याच्या उंचीचा तो दांडा सहा-सात फुटवे काढून उभा होता आणि त्याच्या टोकावर पांढरे ओघळ वाळलेले होते. धुऱ्यावर बसायला तेवढीच उंच जागा, म्हणून बुलबुल तिथे येऊन बसतात. मामा उकिडवे बसले आणि त्यांनी गवत बाजूला सारलं. दांड्याच्या बुडाशी बोटभर उंचीची कडुनिंबाची चार रोपं होती आणि एक बोराचं.

"हे तं आपण लावलंच नाही," मामा म्हणाले आणि गवत पुन्हा हळूच सारखं केलं.