अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांची ख्रिस्ती श्रद्धा व तिचा नागरी वारसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची घडी १७७४ ते १७९१ या काळात ज्यांनी बसवली, त्या नेत्यांचे ख्रिस्ती धर्माशी असलेले नाते आणि त्या नात्याने तिथल्या कायद्यात, प्रथांत व सार्वजनिक भाषेत ठेवलेल्या खुणा. हे नेते एका मताचे नव्हते. ते सगळे भाविक ख्रिस्ती होते, असे एक पक्ष आजही छातीठोकपणे सांगतो. ते सगळे धर्माला कंटाळलेले विवेकवादी होते, असे दुसरा पक्ष तितक्याच जोरात सांगतो. त्यांची पत्रे, रोजनिशा आणि चर्चच्या वह्या चाळल्या की दोन्ही दावे लंगडे पडतात. उघड नास्तिक त्यांच्यात जवळपास नव्हताच. मात्र ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण), चमत्कार या मुद्द्यांवर त्यांच्यापैकी काही फार मोठी नावे चर्चच्या शिकवणुकीपासून दूर गेली होती.

पार्श्वभूमी : अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये धर्म ही खासगी बाब नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी, म्हणजे इंग्लंडमधून आलेल्या कडव्या प्रॉटेस्टंटांनी, स्वतःसाठी धर्मस्वातंत्र्य मिळवले आणि इतरांना नाकारले; १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये चार क्वेकरांना (शपथ घेणे निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना) फासावर चढवले गेले. रॉजर विल्यम्सला तिथून हाकलल्यावर त्याने १६३६ मध्ये ऱ्होड आयलंडची वस्ती उभी केली आणि तिथे कुणाच्याही श्रद्धेची झडती घ्यायची नाही असे ठरवले. व्हर्जिनियात अँग्लिकन चर्च, म्हणजे इंग्लंडचे राजमान्य चर्च, सरकारी होते. धर्मगुरूचा वर्षाचा पगार १६,००० पौंड तंबाखू, आणि तो करातून भागवायचा. कर देणारा त्या चर्चचा असो वा नसो. परवान्याशिवाय प्रवचन करणाऱ्या बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांना तिथे तुरुंगात टाकत. कुलपेपरच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड हा प्रवचनकार खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करत राहिला. शेजारच्या काउंटीत वाढलेल्या जेम्स मॅडिसनने १७७४ च्या जानेवारीत आपल्या मित्राला चिडून लिहिले, की जवळच पाचसहा भली माणसे निव्वळ धर्ममतापायी कोठडीत आहेत. पुढच्या राज्यघटनेतले बरेच काही या चिडीतून आले आहे.

नेत्यांची श्रद्धा : सॅम्युएल ॲडम्स, जॉन जे, रॉजर शर्मन, पॅट्रिक हेन्री हे परंपरेने चालणारे ख्रिस्ती होते. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांत जॉन विदरस्पून हा प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचा पाळक होता. प्रिन्स्टनच्या कॉलेजात मॅडिसन त्याच्याच हाताखाली शिकला. मेरीलंडचा चार्ल्स कॅरल हा त्या यादीतला एकमेव कॅथलिक. जॉन ॲडम्स आयुष्यभर चर्चला जाणारा, पण त्रैक्य न मानणारा. अलेक्झांडर हॅमिल्टन मधली बरीच वर्षे उदासीन होता. १८०४ मध्ये द्वंद्वात गोळी लागल्यावर त्याने मृत्युशय्येवर प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा चर्चचा विधी) मागितले, आणि द्वंद्व हे पाप म्हणून बिशपने आधी ते देण्यास आढेवेढे घेतले.

जॉर्ज वॉशिंग्टन ट्रुरो पॅरिशच्या वेस्ट्रीचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, सभासद होता. चर्चला जाई, पण प्रभुभोजनाच्या आधी उठून बाहेर पडे. तो राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियातल्या एका धर्मगुरूने प्रवचनात टोला मारला, की मोठ्या पदावरच्या माणसांनी असा वाईट पायंडा पाडू नये. वॉशिंग्टनने चूक कबूल केली. त्यानंतर प्रभुभोजनाच्या रविवारी तो त्या चर्चमध्ये आलाच नाही. त्याच्या लेखनात ‘ईश्वरी योजना’ हा शब्दप्रयोग शेकडो ठिकाणी येतो, येशूचे नाव मात्र क्वचितच. स्वातंत्र्ययुद्धातल्या व्हॅली फोर्ज या हिवाळी छावणीच्या बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करणारा वॉशिंग्टन चित्रांतून आणि टपाल तिकिटावरून घरोघरी पोचला. ती कथा पसरवली पार्सन वीम्सने, म्हणजे लहान जॉर्ज आणि चेरीच्या झाडाची गोष्ट रचणाऱ्याच गृहस्थाने. तिला समकालीन आधार नाही.

बेंजामिन फ्रँकलिनची तऱ्हा वेगळी. जॉर्ज व्हाइटफील्ड हा गाजलेला प्रवचनकार फिलाडेल्फियात जॉर्जियातल्या अनाथालयासाठी निधी गोळा करत होता. एक छदामही द्यायचा नाही असे ठरवून फ्रँकलिन ऐकायला बसला. खिशात मूठभर तांब्याची नाणी, तीनचार चांदीचे डॉलर आणि पाच सोन्याची नाणी. प्रवचन रंगू लागले तशी तांब्याची नाणी द्यावीत असे त्याला वाटले, पुढे चांदीची, आणि शेवटी त्याने सगळा खिसा ताटात रिकामा केला. तरी त्याचे मत बदलले नाही. एकदा गर्दीत मागे मागे सरकत त्याने व्हाइटफील्डचा आवाज कुठवर पोचतो हे मोजले आणि तीस हजार माणसांना तो ऐकू जाईल असा हिशेब मांडला. मरणाआधी महिनाभर, मार्च १७९० मध्ये, येशूच्या देवत्वाबद्दल विचारणाऱ्या एझ्रा स्टाइल्सला, येल कॉलेजच्या प्रमुखाला, त्याने उत्तर लिहिले: मला शंका आहे, पण आता डोके शिणवण्यात अर्थ नाही, लवकरच कमी कष्टात खरे काय ते कळेल.

थॉमस जेफरसन आणखी पुढे गेला. १८२० च्या सुमारास मॉंटिसेलोत, आपल्या घरी, बसून त्याने ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांतल्या नव्या कराराच्या (बायबलच्या येशूविषयीच्या भागाच्या) सहा प्रती घेतल्या आणि धारदार पात्याने त्यांतली वचने कापली. येशूचे उपदेश आणि दृष्टान्त कालक्रमाने चार स्तंभांत शेजारी शेजारी चिकटवले; कुमारीचा गर्भ, चमत्कार, पुनरुत्थान हे सगळे कापलेल्या प्रतींत मागे राहिले. त्याची ८४ पानांची वही थडग्याच्या तोंडावर शिळा लोटली जाते तिथे संपते. ती त्याने छापली नाही, जवळच्या मोजक्या लोकांपलीकडे दाखवलीही नाही. १८९५ मध्ये स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालयाने ती त्याच्या पणतीकडून ४०० डॉलरला विकत घेतली आणि १९०४ मध्ये काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, तिच्या ९,००० प्रती काढल्या. एके काळी ज्याला निवडणुकीच्या प्रचारात ‘काफर’ म्हणून हिणवले गेले, त्याची कातरलेली शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाची पुस्तके) पुढे काँग्रेसच्या नव्या सभासदांना भेट म्हणून मिळत.

व्हर्जिनियाचा झगडा : स्वातंत्र्य मिळाल्यावर पॅट्रिक हेन्रीने प्रस्ताव आणला, की एकाच चर्चला सरकारी मान नको, लोकांकडून कर घ्यावा आणि तो ज्याने त्याने सांगितलेल्या ख्रिस्ती उपदेशकाला द्यावा. वरवर पाहता हे उदारपणाचेच होते. मॅडिसनने १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले. आज तीन पेनी मागणारे सरकार उद्या कुठल्याही गोष्टीची सक्ती करू शकते, आणि सरकारी आश्रयाच्या पंधरा शतकांनी धर्मगुरूंना गर्विष्ठ व आळशी केले, असा त्याचा युक्तिवाद होता. निवेदन विद्वत्तेचे होते, पण पारडे फिरवले ते हजारो सह्यांच्या अर्जांनी, आणि त्यांतले फार मोठे बळ बॅप्टिस्ट व प्रेस्बिटेरियन भाविकांचे होते. प्रस्ताव बारगळला. जेफरसनने १७७७ मध्ये लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १६ जानेवारी १७८६ रोजी अमलात आला, तेव्हा तो स्वतः पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालण्याची सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. आत्मचरित्रात त्याने त्याचा अर्थ नोंदवला आहे: कायद्याचे छत्र ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कसलाच धर्म न मानणारा, सर्वांवर धरलेले. आपल्या थडग्यावर कोरायच्या तीन गोष्टींत त्याने हा कायदा घेतला, राष्ट्राध्यक्षपद गाळले.

संघराज्याची घटना : १७८७ च्या घटना परिषदेत चर्चा तुटायला आली असताना २८ जूनला ८१ वर्षांच्या फ्रँकलिनने रोज प्रार्थनेने सुरुवात करावी असे सुचवले. ठराव मताला न टाकताच सभा उठली. तीनचार जण सोडले तर कुणालाच प्रार्थनेची गरज वाटली नाही, असे त्याने भाषणाच्या कागदावर खाली लिहून ठेवले. घटनेत देवाचा उल्लेख नाही. तारीख लिहिताना ‘आपल्या प्रभूचे वर्ष’ एवढा रूढ शब्द तेवढा आला. सहाव्या कलमाने सरकारी पदासाठी धर्माची अट कायमची बाद केली आणि शपथेऐवजी नुसते प्रतिज्ञापूर्वक कथन चालेल असे ठरवून क्वेकरांची सोय केली. उत्तर कॅरोलायनाच्या १७८८ च्या अधिवेशनात यावर काहूर उठले: म्हणजे उद्या मूर्तिपूजक किंवा मुसलमानही राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल! कलम तरीही टिकले. १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने काँग्रेसला धर्माची स्थापना करण्यास आणि धर्माचरणात आडकाठी करण्यास मनाई केली. ही मनाई फक्त केंद्राला होती. डेलावेअरच्या १७७६ च्या घटनेत पदाधिकाऱ्याने त्रैक्यावरची श्रद्धा जाहीर करायची होती, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा कर थेट १८३३ पर्यंत चालला.

१७९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोली या मुस्लिम राज्याशी झालेल्या तहाच्या अकराव्या कलमात अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेले नाही असे वाक्य आहे. सिनेटने तो एकमताने संमत केला आणि जॉन ॲडम्सने सही केली. पुढच्याच वर्षी याच ॲडम्सने मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांना लिहिले, की आपली घटना नीतिमान व धार्मिक लोकांसाठीच आहे. वादातले दोन्ही पक्ष या दोन वाक्यांपैकी आपल्याला हवे ते उचलतात. ॲडम्सला मात्र त्यांत विसंगती वाटत नव्हती: केंद्र सरकारला धर्म नसावा, लोकांना असावा, हे त्या पिढीचे सर्वसाधारण मत होते.

चीज आणि भिंत : १८०२ च्या पहिल्या दिवशी मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर गावचा बॅप्टिस्ट पाळक जॉन लेलँड राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या दाराशी एक अजस्र चीज घेऊन आला. वजन १,२३५ पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या पुढे. गावातल्या गायींचे दूध एकत्र करून ते सायडर गाळायच्या दाबयंत्रात दाबले होते, आणि एकाही गुलामाचा हात त्याला लागलेला नाही असे मानपत्रात मुद्दाम लिहिले होते. शंभरांवर गुलाम बाळगणाऱ्या जेफरसनने ते कशा चेहऱ्याने ऐकले असेल कुणास ठाऊक. भेट फुकट घ्यायची नाही म्हणून त्याने २०० डॉलर दिले. त्याच दिवशी त्याने कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना उत्तर पाठवले, आणि त्यातच चर्च व राज्य यांच्यामधल्या ‘विभक्ततेच्या भिंती’ची प्रसिद्ध उपमा आहे. दोन दिवसांनी, रविवारी, तो लेलँडचे प्रवचन ऐकायला गेला, तेही प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात. भिंत म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसाला विचारले असते तर त्याने चर्चला सरकारच्या हातून वाचवणारे कुंपण असे सांगितले असते. भाविक बॅप्टिस्ट आणि शंकेखोर जेफरसन यांची युती होती ती या कुंपणापुरती.

गुलामगिरी : या श्रद्धेची सर्वांत मोठी कसोटी गुलामगिरी होती आणि बहुतेक नेते तीत नापास झाले. देव न्यायी आहे हे आठवून देशासाठी थरकाप होतो, असे लिहिणारा जेफरसन आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांचा मालक होता. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त केले. मॅडिसनने तेही केले नाही. फिलाडेल्फियात मात्र संस्थापकांच्याच डोळ्यांदेखत वेगळी पायाभरणी झाली. सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना ओढून उठवले गेले, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स आपल्या मंडळींसह बाहेर पडले. ॲलनने १७९४ मध्ये बेथेल चर्च उभारले, आणि १८१६ मध्ये त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ झाला. नागरी हक्कांच्या चळवळीला पुढे जे चर्चचे बळ मिळाले त्याचे एक मूळ इथे आहे, आणि संस्थापकांच्या याद्यांत ॲलनचे नाव उशिरा आले.

नंतरचा वारसा : आज जुने म्हणून दाखवले जाणारे बरेच काही संस्थापकांचे नाही. ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वाक्य यादवी युद्धात, १८६४ मध्ये, दोन सेंटच्या नाण्यावर प्रथम आले. राष्ट्रीय ब्रीद ते १९५६ मध्ये झाले. ध्वजप्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पाळकाने लिहिली. त्या पाळकाच्या मूळ मसुद्यात देव नव्हता. तो १९५४ मध्ये, साम्यवादाशी चाललेल्या शीतयुद्धात, घातला गेला. वॉशिंग्टनने ३० एप्रिल १७८९ ला शपथेनंतर बायबलचे चुंबन घेतले हे खरे. ‘देव मला साहाय्य करो’ हे शब्द त्याने उच्चारल्याची समकालीन नोंद नाही. काँग्रेसचे सरकारी धर्मगुरू मात्र खरोखरच १७८९ पासूनचे, आणि मॅडिसनला उतारवयात तेही घटनेशी विसंगत वाटू लागले होते.

शाळेतली प्रार्थना हा सर्वांत तापलेला प्रश्न. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिक मुलांनी शाळेत प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचावे की नाही यावरून दंगली झाल्या, दोन कॅथलिक चर्च जाळली गेली. १९४७ च्या एव्हर्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या दुरुस्तीची मनाई राज्यांनाही लागू केली आणि जेफरसनची भिंत निकालपत्रात आणली. १९६२ मध्ये सरकारी शाळांतली सरकारने रचलेली प्रार्थना बंद झाली. १९८३ मध्ये त्याच न्यायालयाने विधिमंडळातल्या प्रार्थनेला १७८९ च्या प्रथेचा दाखला देऊन मान्यता दिली. २००७ मध्ये कीथ एलिसन या पहिल्या मुस्लिम प्रतिनिधीने शपथविधीच्या समारंभात हात ठेवला तो जेफरसनच्या संग्रहातल्या कुराणावर.

महाराष्ट्राशी संबंध : मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा कर चालू असतानाच, १८१० मध्ये, तिथल्या काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटनांच्या परंपरेतल्या, मंडळींनी परदेशी मिशनसाठी अमेरिकन बोर्ड स्थापले. त्याचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले; पुढे अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र झाले. तिथली सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. त्याच जोतीरावांनी थॉमस पेनही वाचला होता, म्हणजे बायबलवर उघड टीका केल्यामुळे अमेरिकेत वाळीत पडलेला, १८०९ मध्ये ज्याच्या दफनाला मोजकीच माणसे आली तो क्रांतीचा लेखक. न्यू इंग्लंडची भाविकता आणि पेनची बंडखोरी दोन्ही त्यांच्यापर्यंत पोचल्या. देवासाठी त्यांनी ‘निर्मिक’ हा शब्द योजला, आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला.